पालथ्या दगडांचा वाचक

लोणावळ्याच्या आसपास असं एकही रिसॉर्ट नसेल, जिथून माझ्या आत्याच्या नवऱ्याला निदान एकदा तरी हाकलून दिलेलं नाही. यात अतिशयोक्ती असलीच तर ती एखाद-दुसऱ्या रिसॉर्टापुरती, आणि तेही अजून बांधून व्हायचं असेल म्हणून. माणूस दारू पीत नाही, शिवी देत नाही, कुणाकडे मान वर करून बघतसुद्धा नाही. आणि सगळी भानगड तिथेच सुरू होते. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामा म्हणतात. हे मामा पंधरा-वीस वर्षं मान खाली घालून हिंडले. मावळात लोक ढग बघायला येतात, धबधबे बघायला येतात, दरीच्या टोकाशी उभे राहून हात पसरून फोटो काढतात. मामा त्या लोकांच्या पायाखालचं बघत. कारण तिथे, लॉनवरच्या पायवाटेत, कारंज्याच्या काठाला, नाहीतर कॉफीच्या टेबलाचा पाय म्हणून, मावळातल्या बायकांची दळणाची जुनी जाती बसवलेली असतात.

गावात पिठाची गिरणी आली तेव्हा ही जाती आधी पडवीत गेली, मग खाटेखाली, मग गोठ्यामागे. नंतर टेंपो घेऊन लोक यायला लागले. घराघरांतून दगड उचलले आणि शहाण्यांनी त्यांना ‘अँटिक’ असं नाव दिलं. ज्या दगडापाशी बाई पहाटेपासून घाम गाळत होती तो दगड बाईपेक्षा जास्त प्रतिष्ठित झाला. त्याच्यावर आता कुंडी असते, कुंडीत परदेशी झाड असतं, आणि झाडाला रोज पाणी मिळतं.

मामा रिसॉर्टात शिरत ते फाटकातून सरळ, स्वतःच्या मेव्हण्याच्या घरी जावं तसे. खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत पाण्याची बाटली, एक फडकं, हातोडी आणि छिन्नी. एकदा मी त्यांच्याबरोबर होते. सकाळची वेळ, लॉनवर मुंबईची मंडळी पोहे खात बसलेली. मामा त्यांच्या खुर्च्यांमध्ये उकिडवे बसले, एका दगडावर पाणी ओतलं, फडक्यानं पुसलं, डोळे मिटून बोटं फिरवली, आणि एका बाईंना म्हणाले, “ताई, जरा पाय उचला. हितं लोंबी हाय का बगतो.” बाईंनी पाय उचलले, तो किंचाळूनच. मामांना लोंबी सापडली. मग त्यांनी उभं राहून, कुणीही विचारलेलं नसताना, अख्ख्या लॉनला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “ही सोनाबाईची. शिरगाव,” आणि ओवी म्हटली:

सासू माझी म्हनते, पीठ पडलं भरड
जात्याला न्हाई दात, माझ्यावर का ओरड

आवाज असा, की गंजलेला पाणरहाट बरा. रखवालदार धावत आला. त्यानं मामांचा दंड धरला, पण तो आमच्याच तालुक्यातला असल्यामुळे फाटकापर्यंत नेता नेता हळूच विचारलं, “भाऊ, माज्या आज्जीचं बी जातं गेलतं टेंपोत. तिचं कुटं घावलं का?” मामा म्हणाले, “गाव?” त्यानं गाव सांगितलं. मामा म्हणाले, “न्हाई अजून. बगतो.” आणि एवढं बोलणं झाल्यावर त्यानं आम्हाला रीतसर हाकलून दिलं.

हे सगळं मामांना कसं कळतं, ते सांगायला हवं. मामा चाळीस वर्षं रेल्वेच्या गँगमध्ये होते. घोरावाडी स्टेशनच्या अलीकड-पलीकडचा रूळ त्यांनी ठोकून सरळ ठेवला. सुट्टीच्या दिवशी ते गावोगाव जाऊन जात्याला टाकी घालायचे. जातं वापरून गुळगुळीत होतं, दाणा दळला जायच्या ऐवजी नुसता घसरतो. मग दोन्ही दगडांच्या आतल्या बाजूंना छिन्नीनं बारीक टोचे मारून त्या पुन्हा खरखरीत करायच्या, ती टाकी. त्यांची छिन्नी रेल्वेच्या जुन्या खिळ्यापासून घडवलेली होती. खिळा रेल्वेनं टाकून दिलेला होता असं मामा सांगतात. “रेल्वेनं टाकलेला, का तुमी पाडलेला?” असं आत्या दर वेळी विचारते. पुष्कळदा एका घरातल्या दोन जावांची जाती एकाच अंगणात उघडी पडायची. दगडांची अदलाबदल होऊ नये म्हणून मामा प्रत्येक दगडाच्या आतल्या काठाला एक छोटी खूण करायचे. कुणाला भाताची लोंबी, कुणाला माशाचा काटा, कुणाला तीन ठिपके. एक खूण पुन्हा दुसऱ्या जात्याला कधी दिली नाही.

आणि काम नीट झालं की नाही, ते मामा कानानं तपासायचे. टाकी झाली की बाईनं मूठभर दाणे घालून एक ओवी म्हणायची. दगडाचा चुरा, म्हणजे कच, असलेलं ते पहिलं पीठ कोंबड्यांना. मामा ओवी ऐकायचे ती काही कवितेच्या प्रेमानं नाही. दगड कुठे जड जात असेल तर बाईचा श्वास दुसऱ्या ओळीत मध्येच तुटतो. तुटला, की मामा जातं पुन्हा उघडून नेमक्या त्या जागी चार टोचे जास्त मारायचे आणि म्हणायचे, “आता म्हना.” ओवी एका दमात पार झाली की हातोडी पिशवीत. त्यामुळे त्यांच्या डोक्यात खूण, गाव, बाई आणि ओवी हे सगळं एकाच गाठोड्यात बांधलेलं आहे. खुणेला बोट लागलं की ओवी बाहेर पडते. आत्याचं मत याबाबतीत स्पष्ट आहे. “दुसऱ्यांच्या बायकांची गाणी पाठ हायत. बायकूनं सांगितलेली मीठ-मिरची मात्र दुकानापतुर इसरत्यात.” घरात मिक्सर आणला त्या दिवशी मामा त्याच्यासमोर मांडी घालून बसले आणि आत्याला म्हणाले, “लाव आन म्हन काय तरी.” आत्यानं बटण दाबलं आणि त्या घरघराटात ओरडली, “याच्यावर गात न्हाईत, याच्यावर भांडत्यात!” तेव्हापासून मामा मिक्सरला ‘भांडण’ म्हणतात. “भांडनात वाटलेली चटनी हाय का?” असं विचारून मगच जेवायला बसतात.

‘मावळचा साहित्यिक वारसा’ या विषयावर मी आजवर पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. ती सगळी लोणावळ्याच्या बंगल्यांपासून सुरू होतात आणि बंगल्यांतच संपतात. अमुक लेखक अमुक बंगल्यात उतरत, तमुक कवींना तमुक व्हरांड्यात धुकं सुचत असे. या मंडळींच्या लेखनात मावळातला माणूस येतो, तो चहाचा ट्रे घेऊन येतो आणि ट्रे ठेवून जातो. डोंगराला त्यांनी विशेषणं दिली, दरीला दिली, एका कावळ्यालाही दिलेली मी वाचली आहेत. ट्रे आणणाऱ्याला नाव दिलेलं वाचलं नाही. मी हे चिडून लिहिते आहे, आणि चिडून लिहिण्याचं मला वळण आहे. मी पत्रकांवर वाढले. बाबा, म्हणजे मामांचे मेव्हणे, चळवळीची पत्रकं काढायचे. आमच्या घरात अंथरुणापेक्षा त्यांचे गठ्ठे जास्त होते आणि थंडीत दोन्हींचा उपयोग सारखाच व्हायचा. माझ्या तोंडून पहिले शब्द ‘जाहीर निषेध’ असे निघाले, असं आत्या कुणालाही सांगते.

तर माझ्यासारखीला मामांचा सर्वांत जास्त राग येई तो पाण्याच्या गोष्टीवरून. आम्ही बौद्ध. मामांच्या उमेदीच्या काळात मोठ्या शेतकऱ्यांच्या घरात त्यांना जात्यापाशी जाता येत नसे. जातं अंगणात आणून ठेवलं जाई. मामा टाकी घालत, खूण करत. मग बाई जात्यावर पाणी ओतून ते धूत असे. ते दगडाची कच निघावी म्हणून. टाकीनंतर धुवावंच लागतं. मग ती दुसऱ्यांदा पाणी ओतत असे. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा ताडकन उठले. म्हटलं, “मामा, दुसऱ्यांदा कशाला, ते कळत नव्हतं का तुम्हाला?” मामा शांतपणे बिडी विझवत म्हणाले, “दोनदा धुतलं म्हंजी कच चांगली निगती पोरी.”

“मामा!”

“मग काय करू? हातोडी टाकून भाशान देऊ? पीठ तर माज्याच टाकीचं खाल्लं का न्हाई त्यांनी?” आणि जरा वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं, “टाकव्याची ठकूबाई एकदाच धुवायची.”

टाकवे बुद्रुकच्या या ठकूबाईबद्दल मामांना याहून जास्त काहीच सांगता येत नाही. दिसायला कशी होती, आठवत नाही. काय बोलायची, फारसं नाहीच. ती एकदाच पाणी ओतायची, घागर खाली ठेवायची आणि जात्यापाशी बसायची. तिची ओवी मात्र मामा उभं राहून म्हणतात, आणि ती म्हणताना त्यांचा तो गंजका आवाजही जरा वंगण घातल्यासारखा होतो:

माळावरल्या दगडा, तुला न्हाई कुनी पुसलं
माझ्या ग दारी येऊन गानं तुझ्यात बसलं

बंगल्यातल्या सगळ्या धुक्याच्या कवितांवरून मी ही एक ओवी ओवाळून टाकणार नाही, उलट करीन.

गेल्या वर्षी लोणावळ्याबाहेरच्या त्याच, पोह्यांच्या लॉनवाल्या मोठ्या रिसॉर्टानं ‘साहित्य वारसा वाट’ बांधायचं ठरवलं. जात्यांची पायवाट, प्रत्येक जात्याशेजारी पाटी, पाटीवर ओवी. पुण्याहून एक समिती आली. समितीला जाती मिळाली होती, ओव्या मिळत नव्हत्या. तेव्हा कुणीतरी त्यांना सांगितलं, की तुम्ही ज्याला दोनदा बाहेर काढलंत तोच माणूस तुम्हाला हवा आहे. अशा रीतीनं मामा आयुष्यात पहिल्यांदा रिसॉर्टच्या फाटकातून आमंत्रणावरून आत गेले. आत्यानं त्या दिवशी त्यांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावला आणि बजावलं, “तितं कुनाला पाय उचला म्हनू नका.”

मामांनी एकच अट घातली. ओवी ज्या बाईची, तिचं नाव आणि गाव पाटीवर पाहिजे, आणि ती पाटी तिच्याच दगडापाशी पाहिजे. समितीतल्या सरांनी मान डोलावली. ते म्हणाले, “अर्थात! अगदी अर्थात!” मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. एकदा म्हणणाऱ्याचा भरवसा धरता येतो.

दोन महिने आम्ही दोघं रिसॉर्टच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसलो. मामा दगड उलटवायचे, पाणी ओतायचे, बोटं फिरवायचे आणि सांगायचे. मी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर नाव, गाव, ओवी लिहून तो सुतळीनं दगडाला बांधायची. एकतीस दगडांवर त्यांची खूण निघाली. लोंबी पुन्हा निघाली, काटा निघाला, ज्यांना मामा वीस वर्षं शोधत होते त्या बायका एकेक करून निघाल्या. ठकूबाईची खूण म्हणजे एक छोटी घागर. ती निघाली त्या दिवशी मामांनी त्या दगडावर दोन्ही तळवे ठेवले. मग म्हणाले, “हिचा पुट्टा जरा जाड घाल. पावसानं भिजंल.”

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आम्ही वाट बघायला गेलो. वाट सुंदर होती. दोन्ही बाजूंना गवत, मध्ये गोल गोल दगड सिमेंटात बसवलेले. सगळे पालथे. टाकी घातलेली बाजू, खूण असलेली बाजू, सिमेंटात तोंड खुपसून. मी मॅनेजरला विचारलं. तो सभ्य माणूस होता. त्यानं समजावून सांगितलं. “मॅडम, त्या साइडला रफ असतं ना. गेस्टच्या हिल्स अडकल्या तर? सेफ्टी इश्यू आहे.” आणि पुठ्ठे? “ते कामगारांनी काढले. डिस्टर्ब होत होतं.” म्हणजे कुठला दगड कुणाचा ते आता कुणालाच माहीत नव्हतं. पाट्या मात्र होत्या, चकचकीत स्टीलच्या. प्रत्येकीवर ओवी आणि खाली दोनच शब्द: ‘पारंपरिक ओवी’. एकही बाई नाही. गावही नाही. सर्वांत शेवटी, सर्वांत मोठ्या पाटीवर, समितीची नावं होती. ती मात्र एकूण एक होती, पदव्यांसकट.

आणखी एक गंमत होती. मामांच्या स्वतःच्या गल्लीत, घोरावाडीला, गँगमनची बायको होती एक, सखूबाई. तिची ओवी अशी:

घाटाच्या रेल्वेला दोन इंजनं लावली
माझ्या ग जात्याला मी एकटीच घावली

पाटीवर इंजिनांच्या जागी बैल होते. मी सरांना फोन केला, तर ते म्हणाले, “इंजिन म्हणजे लोकपरंपरा वाटत नाही हो.” मी हे मामांना सांगितलं. मामा कपाळाला हात लावून म्हणाले, “आरं, घाटात रेल्वेला बैल? खंडाळ्याला पोचतील का त्ये?”

त्या दिवशी घरी येऊन मी पत्रक लिहिलं. आजवर लिहिलेल्यांत ते सर्वांत जहाल होतं. ‘मावळच्या अनाम कष्टकरी स्त्रीचा आवाज सिमेंटात गाडणाऱ्यांचा जाहीर निषेध!’ अशी सुरुवात, आणि पुढे दोन बाजू भरून शोषण, संस्कृतीची लूट, भांडवल, पर्यटन, सगळं. लिहिताना माझा मलाच घाम फुटला. छापून आणलं आणि सकाळी पहिली प्रत मामांना दिली. मामांची शाळा चौथीपर्यंत. ते ओळीखाली बोट धरून वाचतात, दगडावर धरतात तसंच. दोन्ही बाजू वाचल्या. पालथं करून पुन्हा पहिली बाजू बघितली. काहीतरी हरवल्यासारखं.

“काय शोधताय?” मी विचारलं.

“ठकूबाई.”

“ती आहे की मामा. सगळ्याच आहेत. अनाम कष्टकरी स्त्री म्हणजे त्याच सगळ्या.”

“सगळ्या म्हंजी कुनीच न्हाई,” मामा म्हणाले. “त्यांनी पारंपरिक म्हनलं, तू अनाम म्हनलीस. तिला नाव व्हतं की गं. तूच तर पुट्ट्यावर लिव्हलंस.”

मी वाद घालायला तोंड उघडलं. वाद घालणं मला येतं. त्यावरच माझं बरं चाललं आहे. पण माझ्या हातात माझंच पत्रक होतं, आणि त्याच्या शेवटी ठळक अक्षरांत एकच नाव होतं. माझं. समितीत आणि माझ्यात फरक एवढाच, की त्यांच्याकडे स्टील होतं. ती पाचशे पत्रकं मी फाटकाशी वाटली नाहीत. ती अजून घरात आहेत. आत्या त्यांच्यावर पापड वाळवते.

मामा मात्र उद्घाटनाला पिशवी घेऊन आत गेले, मी मागोमाग. फाटकावर मंत्र्यांची गर्दी होती, तिच्याबरोबर ते ढकलले गेले. भाषणं सुरू झाली तेव्हा मामा वाटेच्या पहिल्या दगडापाशी उकिडवे बसले आणि हातोडीनं तो हळूच वाजवून कान लावून ऐकू लागले. दगडाचं तोंड खाली असलं तरी पाठ वर होती. कुठे टवका उडालेला, कुठे खुंट्याचं भोक एका अंगाला झिजलेलं. मामांनी पाठीवरून माणसं ओळखायला सुरुवात केली. आणि ज्याची खात्री पटली त्या पाठीवर सरळ छिन्नी लावली. मी डोळे मिटले. आता धावून येतील, आता दंड धरतील. धावून आली ती कार्यक्रमाची व्यवस्था बघणारी एक मुलगी. ती म्हणाली, “ओ काका, तुम्ही आर्टिस्ट ना? मग असे कसे बसलात? फेटा कुठेय तुमचा?” आणि तिनं कुणाच्या तरी डोक्यावरचा भगवा फेटा काढून मामांच्या डोक्यावर बसवला. लोकांनी फोटो काढले. मंत्री थांबून म्हणाले, “वा! पारंपरिक कला!” मामा म्हणाले, “व्हय.” आणि छिन्नी चालवत राहिले.

मॅनेजरला हा प्रकार इतका आवडला की त्यानं मामांना दर शनिवार-रविवारी येऊन बसायला सांगितलं. फेटा रिसॉर्टचा. मी संतापले. म्हटलं, “मामा, हे तुम्हाला शोभेची वस्तू करतायत! जात्यांसारखंच तुम्हालाही लॉनवर मांडलं त्यांनी. तुम्ही नाही म्हणा.”

“बसू दे की,” मामा म्हणाले. “फेटा डोस्क्यावर हाय. हात मोकळंच हायत.”

आठवड्याला एक, कधी दोन दगड. आता ते खूण करत नव्हते; नाव कोरत होते. नाव आणि गाव, ओबडधोबड, पण खोल. सोनाबाई, शिरगाव. सखूबाई, घोरावाडी. एकदा मॅनेजर वाकून बघत म्हणाला, “काका, ही नावं कोणाची?” मामा म्हणाले, “मालकिनींची.” “कुठल्या मालकिणी?” “दगडाच्या.” मॅनेजरला हे पर्यटकांसाठी तयार केलेलं वाक्य वाटलं, तो खूश होऊन गेला. पोरं-सोरं विचारायची त्यांना मामा ओवी म्हणून दाखवायचे, इंजिनांसकट. अट एकच: ज्याची खात्री नाही त्या दगडाला छिन्नी लागणार नाही. चोवीस दगड ओळखले. सात राहिले. त्या सातांपैकी एक ठकूबाईचा होता. तिचं नाव चोवीसांत नव्हतं. मी सुचवलं, की घाला कुठल्याही एकावर. लोकांना काय कळणार? निदान नाव तरी राहील. मामांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला माझी सगळी तत्त्वं एकदम आखूड वाटली. “दुसरीच्या दगडावर तिचं नाव? मग त्या पाटीवाल्यांनी काय वायलं केलं?”

त्यांनी त्या सात दगडांपाशी तासन् तास घालवले. वाजवले, चाचपले, एकदा तर गालसुद्धा टेकवला. नाही कळलं. मग त्यांनी एक सुरू केलं. संध्याकाळी निघताना बाटली काढायची आणि त्या सातांपैकी प्रत्येक दगडावर पाणी ओतायचं. एकेकदाच. गेस्ट तक्रार करायचे, पाय घसरतो म्हणून. मामा म्हणायचे, “वाळंल.”

मीही माझं पत्रक पुन्हा काढलं. एकाच बाजूला. एकतीस नावं, एकतीस गावं, प्रत्येकीची ओवी. विशेषण एकही नाही, निषेध नाही, खाली सही नाही. हे लिहायला मला आधीच्या पत्रकापेक्षा चौपट वेळ लागला, कारण दर ओळीला काहीतरी जोरदार बोलायची सवय आडवी येत होती. मामांनी बोट धरून वाचलं. ठकूबाई, टाकवे बुद्रुक, इथे बोट जरा थांबलं. मग म्हणाले, “हे बरं जमलं. यात तू न्हाईस.” ही माझ्या लेखनावर आजवर झालेली एकमेव समीक्षा, जी मी मनापासून मान्य केली आहे.

आता मामांचा उजवा हात थरथरतो. चाळीस वर्षांच्या घणाचं व्याज म्हणा. छिन्नी धरता येत नाही, डोळ्यांतही ढग आले आहेत. लोणावळ्याला लोक जे बघायला जातात ते त्यांना घरबसल्या दिसतं. रिसॉर्टनं त्यांचा फेटा दुसऱ्या कुणाला तरी दिला. तो सनई वाजवतो. मामा घोरावाडीला अंगणात बसून गाड्या ऐकतात आणि आत्या भांडणात चटणी वाटत त्यांना हिशोबानं टोमणे मारते. “आता ग्येलं का टाळक्यातनं एकांदं गानं? का सगळ्या सवती अजून हायतच?”

रविवारी मी रिसॉर्टात जाते. फाटकावरचा तोच रखवालदार आता हाकलत नाही. त्याच्या आजीचा दगड चोवीसांत निघाला, तिथे तो कुणाला बूट घालून उभं राहू देत नाही. मी दोन-चार पत्रकं लोकांच्या हातात देते. कुणी वाचतं, कुणी त्यावर भजी ठेवतं. मग बाटली काढते आणि त्या सात दगडांवर पाणी ओतते. संध्याकाळच्या लोकलनं घोरावाडीला उतरून आत्याकडे जाते. मामांना पावलं कळतात. ते मान वर करत नाहीत, सवयच नाही.

“वतलंस?” ते विचारतात.

“हो.”

“किती येळा?”

“एकदाच.”

“मग ठीक,” मामा म्हणतात, आणि थरथरता हात मांडीवर पालथा ठेवून पुढच्या गाडीकडे कान लावतात.